अरे, आधी मोजून तर होऊ द्या!

२०२४ ची अमेरिकेची निवडणूक आठवली की अजूनही डोकं फिरतं. निकालामुळे नाही, त्यानंतरच्या शहाण्यांमुळे. ६ नोव्हेंबरला फोन उघडावा तर जो तो एकच चित्र पुढे ढकलतोय. दोन खांब. एक बायडन यांचा, २०२० चा, ८ कोटी १२ लाख मतांचा. शेजारी त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या, २०२४ ला ट्रम्प यांच्याकडून हरलेल्या हॅरिस यांचा बुटका, ७ कोटींच्याही आतला. खाली ठळक अक्षरांत सवाल: 'दीड-दोन कोटी मतं गेली कुठे?'

गेली कुठे म्हणजे? पाकिटांत होती! कॅलिफोर्नियात प्रत्येक नोंदणीकृत मतदाराच्या घरी मतपत्रिका टपालाने जाते. मतदानाच्या दिवसापर्यंत टाकलेली मतपत्रिका पुढच्या सात दिवसांत पोहोचली तरी धरतात. मग पाकिटावरची सही जुन्या सहीशी ताडून बघायची, जुळली नाही तर मतदाराला कळवून दुरुस्तीची संधी द्यायची. याला वेळ लागणारच की! पण इकडे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. मोजणी अर्धवट, आणि एक पार्टी 'घोटाळा' म्हणून बोंबलतेय, दुसरी 'आपले लोक घरी बसले' म्हणून छाती बडवतेय.

शेवटी हॅरिस यांची बेरीज झाली साधारण साडेसात कोटी. साठेक लाख मतं खरोखर घटली, मान्य. पण तिथे अध्यक्ष राज्याराज्यांच्या निकालावर ठरतो, आणि मतं कुठे घटली हे कुणी बघेल तर शपथ! त्यातली अठरा लाख एकट्या कॅलिफोर्नियात, जिथे त्या तशाही आरामात जिंकल्या. आणि विस्कॉन्सिन या अटीतटीच्या राज्यात त्यांना बायडन यांच्यापेक्षा जास्त मतं पडली, तरीही २९ हजारांनी हरल्या, कारण समोरच्याची त्याहून वाढली. एकूण मतं घटली, सबब हरल्या, असं तिसरीच्या गणितासारखं सोपं नसतं हो.

संथ मोजणीने मत बदलत नाही, क्रम बदलतो. २०२० ला पेनसिल्व्हेनियात ट्रम्प रात्री जवळपास सात लाखांनी पुढे होते आणि अखेर ऐंशी हजारांनी हरले. का? तर टपाली पाकिटं, ज्यांत बहुतेक मतं बायडन यांची, ती मतदानाच्या दिवशी सकाळी सातच्या आत उघडायचीच नाहीत, असा तिथला कायदा. फ्लोरिडा आधीच उघडून तयारी करून ठेवतं, रात्रीत मोकळं होतं. पेनसिल्व्हेनियाने एवढं रामायण होऊनही २०२४ पर्यंत तो नियम बदलला नाही. म्हणजे संशयाला खतपाणी घालायचं आणि मग 'लोकांचा विश्वास उडालाय हो' म्हणून गळे काढायचे!

त्याच निवडणुकीत संसदेच्या कनिष्ठ सभागृहासाठीच्या कॅलिफोर्नियातल्या तेराव्या मतदारसंघाचा निकाल ३ डिसेंबरला लागला. फरक १८७ मतांचा. तेव्हा बघायला होतं कोण? सगळे विश्लेषक केव्हाच कारणं सांगून घरी गेलेले.

ते खांबांचं चित्र मात्र परवा पुन्हा आलं. बुटका खांब होता तेवढाच.