‘लॅटिन एकच, म्हणजे अर्थही एकच’ म्हणणाऱ्यांना

गोव्यात घर, भाट (नारळाची बागायत), शेत असलेल्या मंडळींमध्ये एक मजकूर हातोहात फिरतोय. त्याचं सार असं: ‘आजोबांच्या पोर्तुगीज दस्ताच्या इंग्रजी भाषांतरासाठी पैसे मोजू नका. दोन्ही भाषांतले कायद्याचे शब्द लॅटिनमधूनच आलेत, शब्दाला शब्द मिळतो. फोनवरचं ॲप पाच मिनिटांत काम करतं. आणि तसाही तो कायदा १९६१ साली संपला.’

शेवटचा मुद्दा आधी उरकतो, त्यात फारसा दम नाही. १९६१ च्या डिसेंबरात पोर्तुगीज सत्ता गेली, कायदे राहिले. १९६२ च्या प्रशासन कायद्यानं ते बदल होईपर्यंत चालू ठेवले. १८६७ ची नागरी संहिता खुद्द पोर्तुगालनं १९६७ मध्ये मोडीत काढली, पण नवरा-बायकोच्या मालमत्तेची तिची कलमं गोव्यात अजून चालतात. वारशाचा भाग गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आला तो २०१६ च्या अखेरीस. आजोबा त्याआधी वारले असतील तर कुणाचा किती हक्क, हे जुन्या संहितेतच बघावं लागतं.

आता लॅटिन. ‘उझुफ्रुक्तू’चं, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची मिळकत उपभोगण्याच्या हक्काचं, ‘युजुफ्रक्ट’ होतं, तिथं काही बिघडत नाही. पण ‘सेंतेन्सा’ म्हणजे न्यायाधीशाचा निकाल, मग दावा दिवाणी का असेना. घटस्फोटाच्या निकालाला इंग्रजीत ‘सेंटेन्स’ म्हटलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, आजीला शिक्षा झाली होती. ‘जुरिस्प्रुदेन्सिया’ म्हणजे न्यायालयांचे आधीचे निकाल. आपल्या लॉ कॉलेजात ‘ज्युरिस्प्रुडन्स’ म्हणून शिकवतात तो कायद्याच्या तत्त्वज्ञानाचा विषयच वेगळा. आणि गोव्यात १५४४ मध्ये स्थापन झालेलं ‘रेलासांव’ हे वरिष्ठ न्यायालय होतं, ‘रिलेशन’शी, नात्यागोत्याशी त्याचा संबंध नाही.

हे गमतीत खपून जाईल. पैशाचं भांडण लागतं ते ‘मेयासांव’ आणि ‘लेजितिमा’ या जोडीवरून. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. समजा, सगळी मिळून ८० लाखांची. नवरा वारला. त्यातले ४० लाख बायकोचे आहेतच, ते तिला वारशानं मिळत नाहीत. ही तिची मेयासांव. उरलेल्या ४० लाखांपैकी निम्मे, म्हणजे २० लाख, मुलांसाठी राखीव; ही लेजितिमा, मृत्युपत्रानंही ती हिरावता येत नाही. नवऱ्याला मृत्युपत्रानं हवं तसं देता येतं ते फक्त बाकीच्या २० लाखांचं. आता ‘मेयासांव’ला नुसतं ‘हाफ शेअर’ म्हणा. मुंबईतला किंवा लंडनमधला वकील तो वारशातला हिस्सा समजेल आणि सगळा हिशेब ८० लाखांपासून सुरू करेल. ‘लेजितिमा’चं ‘लेजिटिमेट’ केलंत तर आणखी मजा, गोष्ट थेट औरस-अनौरसावर जाते! गोव्यातले वकील पहिल्याला ‘मॉयटी’ आणि दुसऱ्याला ‘लेजिटिम’ म्हणतात. हे शब्द इंग्रजी वाचकाला थोडे परके वाटतात आणि तेच बरं आहे. अडखळला तर निदान विचारेल तरी.

ॲपविषयी माझं वैर नाही. कागद जन्मनोंदीचा आहे की विक्रीचा, एवढं कळायला मीही ते वापरतो. पण पोर्तुगीज बोलणाऱ्यांत ब्राझीलचे लोक कितीतरी जास्त, त्यामुळे ॲपला तिथलाच अर्थ आधी सुचण्याची शक्यता; आणि तिथं ‘लिसितासांव’ म्हणजे सरकारी निविदा. गोव्याच्या ‘इन्व्हेंतारियू’त तोच शब्द वारसांनी आपापसांत बोली लावण्यासाठी येतो. ‘इन्व्हेंतारियू’ तरी काय, घरातल्या भांड्याकुंड्यांची यादी नव्हे, न्यायालयातून होणारी वाटणीची अख्खी कार्यवाही. त्यात जास्त वाटा घेणाऱ्यानं इतरांना द्यायची रक्कम म्हणजे ‘तोर्नश’. इथं मात्र मजकूरवाल्यांच्या बाजूनं बोलतो: याला इंग्रजीत ‘ओवेल्टी’ असा चपखल शब्द आहे. फक्त त्याचं लॅटिन मूळ वेगळं, ऐकून तो सुचणार नाही.

काही शब्दांचं भाषांतर करूच नये. ‘काबेसा द काझाल’ म्हणजे शब्दशः ‘जोडप्याचं डोकं’. प्रत्यक्षात वाटणी होईपर्यंत मिळकत सांभाळणारी व्यक्ती, बहुधा मागे राहिलेला जोडीदार. गोव्यातल्या इंग्रजी विक्रीखतांत ‘मात्रीझ नंबर’ तसाच छापलेला दिसतो. ही करआकारणीची नोंदवही. तिला ‘मेट्रिक्स’ म्हटलंत तर महसूल कार्यालयात कुणी ती शोधून देणार नाही.

आणि ‘कोमुनिदाद’. इंग्रजीत ‘कम्युनिटी’ केलं की ती जात, पंथ किंवा शेजारपाजार होते. मुळात ती आपली गावकारी: गावाची सामाईक जमीन, तिचे ठरलेले हक्कदार, आणि वर्षाच्या उत्पन्नातून त्यांना मिळणारं झोण. १५२६ मध्ये आफोन्सु मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्यानं या गावकाऱ्यांचे रीतिरिवाज पोर्तुगीजमध्ये लिहून काढले तेव्हा हक्कदारांसाठी पोर्तुगीज शब्द शोधत तो बसला नाही. ‘गांकार’ असंच लिहिलं.