खुलासा: लसीतील आरएनए शरीरात कायमचा राहत नाही

कोविडच्या एमआरएनए लसींतील आरएनए (प्रथिन बनवण्याची सूचना पेशीला देणारा रेणू, म्हणजेच एमआरएनए) शरीरात आयुष्यभर टिकतो आणि पेशींना सतत प्रथिने बनवायला लावतो, असा दावा पुन्हा फिरत आहे. तो चुकीचा आहे.

पेशी स्वतःचा एमआरएनएही जपून ठेवत नाही. त्याच्या एका टोकाला रासायनिक टोपी असते, तर दुसऱ्या टोकाला ॲडेनिन या आरएनएच्या एका घटकाची लांब शेपटी. सहसा विकर (एन्झाइम) आधी ही शेपटी आखूड करतात, त्यानंतर टोपी काढली जाते आणि एक्सआरएन-१ हे विकर उघड्या टोकापासून रेणू कुरतडत जाते. शेपटीच्या बाजूने हेच काम एक्झोसोम नावाचा प्रथिनसमूह करतो, आणि सुटे झालेले घटक पेशी पुन्हा वापरू शकते. पेशीविभाजनाला चालना देणाऱ्या सी-मिक जनुकाचा एमआरएनए साधारण अर्ध्या तासात निम्मा होतो, कारण तो रेंगाळल्यास अनियंत्रित वाढीला हातभार लागू शकतो. हिमोग्लोबिनमधील ग्लोबिन या प्रथिनाचा एमआरएनए मात्र बराच टिकाऊ असतो.

लसीच्या आरएनएमध्ये युरिडिन या घटकाऐवजी त्याचे बदललेले रूप वापरलेले असते. या बदलांच्या मूलभूत शोधासाठीच कॅटालिन कारिको व ड्रू वाइसमन या शास्त्रज्ञांना २०२३ चे नोबेल मिळाले. त्यामुळे रेणू अधिक काळ तग धरतो, हे खरे. म्हणूनच 'काही तासांत सारे नष्ट होते' हे प्रत्युत्तरही काटेकोर नाही: लसीकरणानंतर काही आठवड्यांनीही लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड) त्याचे अंश आढळले आहेत. पण आठवडे म्हणजे आयुष्यभर नव्हे.