पंचविशी उलटली म्हणून भंगारात?

नाशिकच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: "नियमानुसार सबस्टेशनचं आयुष्य २५ वर्षं. आपल्याकडचे ट्रान्सफॉर्मर त्याहून जुने, म्हणून लाईट जाते. लंडनचं हिथ्रो विमानतळ असल्याच जुन्या ट्रान्सफॉर्मरमुळे बंद पडलं. सगळं एकदम बदला, मग तीस वर्षं चिंता नाही." माझी सगळी नोकरी उच्चदाब उपकरणांच्या टेस्टिंगमध्ये गेली. निवृत्तीनंतर गप्प बसायचं ठरवलं होतं, पण भाच्याने हाच मेसेज पाठवून विचारलं, "मामा, खरंय का हे?"

आधी ते २५ वर्षं. आकडा खरा आहे, लावलाय भलतीकडे. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या दरनिश्चितीच्या नियमांत सबस्टेशनचं उपयुक्त आयुष्य २५ वर्षं धरलंय, पारेषण वाहिनीचं ३५. घसारा किती वर्षांत वसूल करायचा, त्याचा हा हिशेब. वहीत ट्रान्सफॉर्मरची किंमत भंगाराइतकी उरते, तेव्हा तो यार्डात मजेत गुणगुणत उभा असतो.

ट्रान्सफॉर्मर म्हातारा होतो तो कागदाने. तांब्याच्या वाइंडिंगवर, म्हणजे आतल्या वेटोळ्यांवर, कागद गुंडाळलेला असतो, तेलात बुडालेला. तेल गाळता येतं, बदलताही येतं. कागद बदलायचा तर वाइंडिंगच नवं करावं लागतं. नव्या कागदाच्या रेणूची साखळी साधारण हजार-बाराशे कड्यांची असते. ती दोनशेवर आली की कागद पापडासारखा मोडतो आणि बाहेरच्या एखाद्या शॉर्टसर्किटचा झटकाही त्याला सोसत नाही. साध्या कागदाचा ठोकताळा असा, की वाइंडिंगमधली सर्वांत तापणारी जागा सहा अंशांनी आणखी तापली की झीज दुपटीने होते. त्यात पाणी शिरलं तर बघायलाच नको. म्हणून निम्म्या लोडवर चाळीस वर्षं काढलेला ट्रान्सफॉर्मर ठणठणीत निघू शकतो, आणि दर उन्हाळ्यात बंद पंख्यांनिशी राबवलेला पंधराव्या वर्षीच थकलेला असतो.

हे बाहेरून कळतं. खालच्या व्हॉल्व्हमधून आधी थोडं तेल वाहू द्यायचं, मग बुडबुडा न येऊ देता काचेच्या सिरिंजमध्ये भरून लॅबला पाठवायचं. ॲसिटिलीन वायू सापडला तर आत ठिणगी पडतेय. फ्युरान, म्हणजे कागद झिजताना तेलात उतरणारं रसायन, वाढलं तर कागद झिजतोय. माझी पहिली नजर मात्र ब्रीदरवर जायची. ट्रान्सफॉर्मर तापतो-निवतो तसा श्वास घेतो आणि ती हवा सिलिका जेलच्या बरणीतून आत जाते. ओल शोषली की निळे खडे गुलाबी होतात. आपल्याकडच्या जुलैत तर भराभर. एका ठिकाणी (कुठे ते सोडा) खडे कित्येक महिने गुलाबीच होते आणि लॉगशीटवर रोज 'ब्रीदर ठीक'. ट्रान्सफॉर्मर अवघा नऊ वर्षांचा. तेलातल्या पाण्याचा आकडा पाहून आम्हालाच घाम फुटला. जुने ऑपरेटर हे खडे घमेल्यात भाजून पुन्हा निळे करायचे, त्याला ना टेंडर लागायचं ना मंजुरी.

आता हिथ्रो. २१ मार्च २०२५ ला विमानतळ जवळजवळ दिवसभर बंद राहिलं, कारण आदल्या रात्री नॉर्थ हाइड सबस्टेशनमध्ये ट्रान्सफॉर्मरला आग लागली. चौकशीत निघालं ते असं: बुशिंगमध्ये, म्हणजे टाकीच्या डोक्यावरच्या ज्या उभ्या नळीतून वीज आत जाते तिच्यात, बहुधा ओल शिरली होती. आणि जुलै २०१८ च्या तेलाच्या नमुन्यातच वाढलेला ओलावा नोंदला गेला होता! रिपोर्ट होता, त्यावर करायचं ते झालं नाही. मेसेजवाल्याने साक्षीदार आणला तो उलटला.

'म्हणून लाईट जाते' हे तर सोडूनच द्या. गंगापूर रोडला पावसात ११ केव्हीच्या तारेवर फांदी पडते किंवा कोपऱ्यावरची डीपी उडते, तो महावितरणचा प्रांत. १३२ केव्ही आणि त्यावरची सबस्टेशनं बहुतेक महापारेषणची, म्हणजे राज्याच्या पारेषण कंपनीची. तिथला ट्रान्सफॉर्मर गेला आणि लोड दुसरीकडे वळवता आला नाही, तर अंधार एका गल्लीपुरता राहत नाही.

राहिलं 'सगळं एकदम बदला'. एक ट्रान्सफॉर्मर काढला की त्याचा भार शेजारच्यावर येतो. मे महिन्यात हा जुगार कोणी खेळत नाही. आणि नवं म्हणजे टिकाऊ, हेही खरं नाही. बिघाड ओळखून वीज तोडायचा हुकूम देणारे जुने चकतीचे रिले चाळीस वर्षं चालले. आताचे न्यूमेरिकल, म्हणजे संगणकी, रिले कितीतरी हुशार, पण त्यांची इलेक्ट्रॉनिक्स पंधरा-वीस वर्षांत बदलायला येते.

बदलायला हवं असं यार्डात बरंच असतं, हे मात्र मान्य. माझी यादी मागाल तर पहिली बॅटरी. रिले आणि प्रत्यक्ष वीज तोडणारा ब्रेकर दोन्ही तिच्या डीसीवर चालतात; ती ऐन वेळी बसली तर ब्रेकर उघडत नाही आणि धडधाकट ट्रान्सफॉर्मर उभा जळतो. मग टॅन डेल्टा (इन्सुलेशन किती बिघडलं त्याचं माप) चढत चाललेली बुशिंगं आणि तेलाचे सीटी (करंट मोजायचे छोटे ट्रान्सफॉर्मर), कारण सीटी फुटला की चिनीमातीचे तुकडे गोळीसारखे उडतात. मग स्पेअर न मिळणारे जुने मिनिमम ऑइल ब्रेकर. ट्रान्सफॉर्मर शेवटी, तेही रिपोर्ट बघून.

भाच्याला लिहिलं, "आमदारांना निवेदन देणारच असाल, तर 'ट्रान्सफॉर्मर बदला' ऐवजी 'गेल्या तीन वर्षांचे तेलाचे रिपोर्ट दाखवा' असं मागा." त्याचं लगेच उत्तर आलं, "आम्हाला त्यातलं काय कळणार, मामा?"

म्हटलं, "घेऊन ये. मी रिकामाच आहे."