शाल कुणाच्या खांद्यावर?

काल वाळपईच्या कट्ट्यावर मिरची भजी यायच्या आधीच वाद पेटला. आमच्या रेस्क्यूवाल्या पोरांनी यंदा एकाचा सत्कार करायचा ठरवलाय ना, त्याचाच.

भाई नेहमीसारखा उभा राहून, "धबधब्यात उतरला त्यालाच द्या, व्हिडिओ आहे, मोठ्या स्क्रीनवर लावू, आमदारांच्या हस्ते शाल-श्रीफळ, बॅनर माझ्याकडे लागला!"

सुलूताई शांतपणे म्हणाली, "जीव वाचवल्याबद्दल सरकारचं जीवन रक्षा पदक आहे रे, १९६१ पासून. त्याचं नाव तिकडे पाठव, कागद मी करून देते. हा सत्कार संस्थेसाठी राबला त्याचा. तो ज्या दोराला लटकला तो कुणी तपासला, ते सांग आधी."

स्टोअरवाले काका, दुसरं कोण! पोरं घरी जाऊन झोपतात आणि हा माणूस चिखलाने भरलेला दोर साध्या पाण्यात धुतो, सावलीतच सुकवतो कारण उन्हाने नायलॉन कमजोर होतं, मग वीत-वीत बोटांतून सरकवत कुठे मऊ पडलाय, कुठे वरचं आवरण खरवडलंय ते बघतो, वहीत लिहितो, आणि संशय आला की दोर बाद, नवा असला तरी. मला विचाराल तर शाल त्यांनाच, आणि ती यंदाच.

"मग उद्या चहा देणाऱ्याचाही सत्कार करा," भाई.

"करूया की," सुलूताई. "२०२३ ला इर्शाळवाडीत दरड कोसळली तेव्हा गाडीच वर जात नव्हती, मशीन नाही, माणसं फावडी घेऊन चढली. त्यांना पाणी नि जेवण डोंगरावर पोचवणारे नसते तर खोदणार कोण होतं?"

नाना मध्येच बोलले, केंद्राचा सुभाषचंद्र बोस आपदा प्रबंधन पुरस्कार असतो, संस्थेला ५१ लाख मिळतात. भाई पहिल्यांदाच खाली बसला. "किती?"

"हिशेब काकांच्या वहीतला लागतो त्याला, तुझ्या बॅनरवरचा नाही," सुलूताई म्हणाली, "आणि बॅनरचं म्हणशील तर शिगम्याला सत्काराच्या यादीत पहिलं नाव कुणाचं होतं रे?"

"ती प्रिंटरची चूक!"

"फोटोसकट?"

नाना हसता हसता ठसकले, भज्यांची प्लेट रिकामी झाली, पोऱ्या बिल घेऊन आला.

"भाईला दे."

"प्रिंटरला पाठव," भाई म्हणाला आणि स्वतःच खो-खो हसत सुटला.