हाय श्री, अजून त्रास होतोय का?

सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत खजिनदाराचा लॅपटॉप टीव्हीला जोडू नये, असा ठराव पुढच्या वर्षी मी स्वतः मांडणार आहे. परवा मी लिफ्टच्या देखभाल कराराचे आकडे दाखवत होतो. सिंकिंग फंडावरून ए विंग आणि बी विंगची जुंपली होती. तेवढ्यात टीव्हीच्या उजव्या कोपऱ्यात खालून एक चौकोन वर सरकला आणि त्रेचाळीस इंची पडद्यावर अक्षरं उमटली : हाय श्री, मूळव्याधीचा त्रास अजून सुरू आहे का?

मेल इंग्रजीत होता. पण 'पाइल्स' कळायला आमच्या सोसायटीत कुणाला दुभाषा लागत नाही. दोन्ही विंगांचं त्या क्षणी जे मनोमिलन झालं, ते मी खजिनदार झाल्यापासून कधी पाहिलेलं नाही.

खुलासा करतो. तो मेल उशी विकणाऱ्या एका कंपनीचा होता, आणि ती उशी वडिलांसाठी होती. ते बाथरूमच्या दारात घसरून बसले, माकडहाडाला मार लागला, आणि डॉक्टरांनी मधे भोक असलेली उशी वापरायला सांगितली. मी एका वेबसाइटवर तशी उशी पाहिली, कार्टमध्ये टाकली, नाव-पत्ता-ई-मेल भरला, डिलिव्हरी चार्ज वाचला, खिडकी बंद केली आणि संध्याकाळी स्टेशनजवळच्या सर्जिकलच्या दुकानातून उशी घेऊन आलो. वडील बरे झाले. उशी माळ्यावर गेली. नाव भरताना आधी 'श्री.' लिहायची माझी जुनी खोड, म्हणून त्या कंपनीच्या लेखी मी 'श्री' झालो. एवढंच.

हे सगळं मी सभेत सांगितलं. पण भरसभेत उभं राहून 'मला मूळव्याध नाही' असं सांगणाऱ्या माणसावर आजवर कुणी विश्वास ठेवलेला नाही. पहिल्या रांगेतल्या काकू म्हणाल्या, "त्यात लाजायचं काय? सुरण खा. आणि ताक, पण आंबट नको." मागून कुणीतरी "तिखट बंद" अशी पुरवणी जोडली. अध्यक्षांनी सहृदयतेने मला बसून आकडे सांगायची मुभा दिली आणि लगेच दुरुस्ती केली, "किंवा उभ्याने सांगा. तुम्हाला जसं सोयीचं पडेल तसं."

सभा संपल्यावर चहा-समोशाच्या टेबलाशी सी विंगमधला मुलगा माझ्याकडे आला. चांगला मुलगा आहे, मेन्टेनन्स वेळेवर भरतो. तो ई-मेल मार्केटिंगमध्ये काहीतरी करतो, एवढंच मला माहीत होतं. मला वाटलं, सहानुभूती दाखवायला आला असेल.

"काका, तो मेल जरा दाखवा ना."

मी दाखवला. त्याने समोसा डाव्या हातात घेतला, तेलकट बोट लागू नये म्हणून करंगळीने स्क्रीन वर सरकवली, आणि कपाळावर आठ्या घालून वाचला. मग म्हणाला, "सब्जेक्ट लाइन भारी आहे."

"अरे, भारी काय? अब्रू गेली माझी."

"तेच ना. तुम्हालाच काय, सगळ्या सभेला वाचावी लागली. कितवा होता हा?"

"कितवा म्हणजे? सारखे येतात."

"सारखे नाही येणार. आठवून बघा. पहिला तासाभरात आला असेल, 'तुम्ही काहीतरी विसरलात' म्हणून. दुसरा दुसऱ्या दिवशी. मग मधे दोन दिवस शांतता. आणि तिसऱ्यात दहा टक्के सूट."

मी मेल चाळले. तंतोतंत. सूटसुद्धा दहाच टक्के होती.

"सीक्वेन्स असतो तो. आधीच लिहून ठेवलेला. आम्ही ड्रिप म्हणतो. तुम्ही कार्ट सोडली की नळ चालू."

"पण मी एकालाही उत्तर दिलं नाही."

"द्यायचंच नाही, काका. नो-रिप्लायवरून येतो तो. उत्तर दिलं तरी वाचायला पलीकडे कुणी नसतं."

"मग मला नकोय, हे त्यांना कळायचं कसं?"

त्याने समोशाचा कोपरा तोडला. "तुम्ही मेल उघडता का?"

"उघडतो की. शिव्या घालायला."

त्याचा चेहरा असा काही खुलला की मी क्षणभर मागे पाहिलं. "मग झालं तर! म्हणजे त्यांच्या हिशोबात तुम्ही गरम गिऱ्हाईक आहात!"

मग त्याने मला समजावलं. मेलच्या पोटात एक ठिपका असतो. चित्रच ते, पण एका पिक्सेलचं, डोळ्यांना न दिसणारं. आपण मेल उघडला की ते चित्र त्यांच्या सर्व्हरवरून उतरतं आणि तिकडे नोंद होते : श्रीने मेल उघडला, इतक्या वाजून इतक्या मिनिटांनी. या नोंदीला ओपन म्हणतात.

"पण मी वैतागून उघडला होता रे."

"वैतागून उघडला की प्रेमाने, पिक्सेलला काय कळतंय?"

वर त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. २०२१ पासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये अशी सोय आहे, की ते असली चित्रं आपणच आधी उतरवून ठेवतं. म्हणजे माणसाने मेल उघडलाच नाही तरी 'उघडला' अशी नोंद होते.

"म्हणजे उघडला तरी उघडला, आणि नाही उघडला तरी उघडला?"

"हो. म्हणून आता ओपन रेटवर तसा कुणी विश्वास ठेवत नाही."

"मग मघाशी तू एवढा खूश का झालास?"

त्याने विचार केला. "सवय," म्हणाला.

मी मुद्द्यावर आलो. माणसाला असे पाठपुराव्याचे मेल किती पाठवावेत, काही धरबंध? तो म्हणाला, डिपेंड्स. उशी असेल तर तीन-चार पुरेत, उशी काही माणूस रोज घेत नाही. मी म्हटलं, बाबा रे, एकदाच घेतो, आणि मी घेतली आहे. तो म्हणाला, कुठे घेतलीत? मी म्हटलं, दुकानातून. तो म्हणाला, "ते सिस्टिमला कसं कळणार?" मी कार्टवर किती वेळ घुटमळलो, डिलिव्हरी चार्ज पाहून कोणत्या सेकंदाला पळालो, हे सिस्टिमला कळतं. रोख पैसे मोजून खाकी कागदात गुंडाळलेली उशी काखेत मारून मी घरी आलो, हे मात्र तिच्या बुद्धीपलीकडचं.

"आता शेवटी ब्रेकअप मेल येईल," तो म्हणाला.

"तो काय असतो?"

"'तुम्हाला रस दिसत नाही, यापुढे आम्ही त्रास देणार नाही.' भावुक असतो जरा. त्यालाच लोक विरघळतात."

"आणि नाही विरघळलो तर थांबतात?"

"थांबतात ना. मग काही महिन्यांनी तुम्हाला विन-बॅकच्या, म्हणजे गेलेलं गिऱ्हाईक परत ओढायच्या यादीत टाकतात."

यावर मी दुसरा समोसा घेतला. तिखट होता. काकू लांबून पाहत होत्या.

आमच्याकडे पूर्वी एक विमा एजंट यायचे. तेही पाठपुरावाच करायचे. पण त्यांना तीन जिने चढावे लागत, गुडघे दुखत, येताना नव्या वर्षाचं कॅलेंडर आणावं लागे. दारात आल्यावर आई 'चहा घेणार ना?' म्हणाली तर बसायचे, आणि नुसता पाण्याचा तांब्या पुढे आला तर काय ते समजून, वडिलांच्या तब्येतीची चौकशी करून निघायचे. मग थेट पुढची दिवाळी. किती वेळा यावं याचं उत्तर त्यांना कुठल्या कोर्समध्ये शिकावं लागलं नाही, कारण प्रत्येक खेपेची किंमत त्यांचे गुडघे मोजत होते. मेलला जिनाच नाही. एक पाठवा, सात पाठवा, पाठवणाऱ्याला जवळपास फुकट. चढ-उतार सगळी माझी. सातापैकी एका मेलमुळे कुणी उशी घेतली की ती विक्री सीक्वेन्सच्या खात्यावर जमा होते. उरलेले दात-ओठ खात मेल पुसतात, त्यांची नोंद कुठल्याच रकान्यात नाही. या हिशोबावर मी खजिनदार म्हणून सही केली नसती.

याची सुरुवातही अशाच हिशोबाने झाली. ३ मे १९७८ ला अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थर्क नावाच्या मार्केटिंगवाल्याने अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरच्या, सुमारे चारशे लोकांना एकगठ्ठा संदेश धाडला : आमचे नवे कॉम्प्युटर बघायला या. पत्ते इतके होते की रकान्यात मावेनात, उरलेले खालच्या मजकुरात सांडले. लोक खवळले, अर्पानेट सांभाळणाऱ्या लष्करी खात्याकडून कडक समज आली. पण त्यातून लाखो डॉलरची विक्री झाली, असं थर्क पुढे अभिमानाने सांगत राहिले. माझ्या मते तिथेच सगळं बिघडलं. त्या दिवशी एकही कॉम्प्युटर खपला नसता, तर आज सिंकिंग फंडाचा विषय निकाली निघाला असता.

कायद्याकडे जावं, तर मी डीएनडी केव्हाच केलेलं आहे. १९०९ वर मेसेज टाकून. पण ते फोन आणि एसएमएसपुरतं, मेलला लागू नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात ६६अ नावाचं एक कलम होतं. त्यात त्रास देण्यासाठी पाठवलेल्या ई-मेलचा चक्क उल्लेख होता. ते वापरलं कुणावर, तर २०१२ साली पालघरच्या दोन मुलींवर, बंदबद्दल फेसबुकवर एकीने काही लिहिलं आणि दुसरीने ते लाइक केलं म्हणून. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कलमच रद्द केलं आणि ते उत्तमच झालं. पण ते जिवंत होतं तेवढ्या काळात 'हाय श्री'वाल्यांपैकी एखाद्याला निदान चौकीवर बोलावून लाकडी बाकावर बसवून ठेवायला काय हरकत होती? उशीशिवाय.

निघता निघता त्या मुलाने मला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. "काका, अनसबस्क्राइब करा, पण प्लीज स्पॅम दाबू नका."

"का?"

"डोमेन जळतं हो बिचाऱ्यांचं." २०२४ पासून गुगल आणि याहू कडक झालेत, त्याने सांगितलं. ढिगाने मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोय द्यावी लागते, दोन दिवसांत नाव काढावं लागतं, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. त्याच्यावर गेल्या की त्यांचे मेल कुणाच्याच इनबॉक्समध्ये नीट पोचत नाहीत.

०.३ टक्के. म्हणजे हजारात तिघं. मी त्याच्यादेखत स्पॅम दाबलं आणि म्हटलं, "आता दोघं हवेत." त्याला ते आवडलं नाही. जाताना 'गुड नाइट' म्हणाला, 'काका' लावलं नाही.

रात्री घरी येऊन अनसबस्क्राइबही केलं, दुहेरी बंदोबस्त असलेला बरा. एका क्लिकची सोय कुठे दिसेना, मेलच्या तळाशी फिकट करड्या रंगात, माझ्या चष्म्याला जेमतेम दिसेल अशी एक ओळ होती. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात म्हटलंय, की संमती देणं जितकं सोपं तितकंच ती काढून घेणंही सोपं असावं. संमती देताना मला काहीच करावं लागलं नव्हतं, चौकोनात टिक आधीच मारलेली होती. काढताना आधी ई-मेल टाका, मग ट्रॅफिक सिग्नल असलेली चित्रं निवडा, मग 'खरंच जाताय?', मग 'त्याऐवजी आठवड्यातून एकच मेल चालेल का?', आणि शेवटी कारण. पर्याय होते : मेल फार येतात, मेल उपयोगाचे नाहीत, मी नोंदणी केलीच नव्हती, इतर (कृपया लिहा).

मी 'इतर' निवडलं. वडिलांचं घसरणं, माकडहाड, सर्जिकलचं दुकान, लिफ्टचा करार, सुरण, सगळं शुद्ध मराठीत, परिच्छेद पाडून लिहिलं. सबमिट दाबलं. लाल अक्षरांत उत्तर आलं : कृपया फक्त अक्षरे आणि अंक वापरा.

मग मी काय रांगोळी काढली होती?