सातातून उरतात किती?

जांभळ्या दगडाचा फोटो, दगडाच्या आत सोनेरी सुयांचा झुबका आणि खाली लांबलचक मजकूर. गोव्यातल्या व्हॉट्सअॅप गटांवर हा संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. दगडाचं नाव ‘सुपर सेव्हन’. दावे असे: यात सात खनिजं एकत्र आहेत, त्यातलं सगळ्यात दुर्मीळ म्हणजे कॅकोक्सेनाइट, आणि ते क्वार्ट्झचंच, म्हणजे गारगोटीचंच, एक दिव्य रूप आहे, तुकडा कितीही लहान असला तरी सातही खनिजं त्यात असतातच, दगड रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी प्यायलं की फॉस्फरस मिळतो आणि हाडं मजबूत होतात, आणि हे कॅकोक्सेनाइट आपल्या डिचोलीच्या खाणींतही आहे, खाणवाल्यांनी ते लपवून ठेवलं. हणजूणच्या बुधवारच्या बाजारात आणि हडफड्याच्या शनिवारच्या रात्रबाजारात रंगीत दगड मांडलेलेच असतात, त्यामुळे मजकुराला गिऱ्हाईकही आयतं मिळतं.

मी लोहखनिजाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली आहे. नमुन्यात लोह किती, सिलिका किती, अॅल्युमिना किती आणि फॉस्फरस किती, हे काढणं आमचं रोजचं काम. कॅकोक्सेनाइट हे फॉस्फेट, म्हणजे फॉस्फरस असलेलं खनिज. फॉस्फेटच्या नावावर कुणी काही खपवू लागलं की गप्प बसवत नाही.

आधी मोजणी. मजकुरातली यादी अशी: अमेथिस्ट, स्मोकी क्वार्ट्झ, पारदर्शक क्वार्ट्झ, रुटाइल (टायटॅनियमचं ऑक्साइड), गोएथाइट आणि लेपिडोक्रोसाइट (दोन्ही लोहाची खनिजं), कॅकोक्सेनाइट. यातली पहिली तीन मुळात एकच खनिज. सिलिकॉन आणि ऑक्सिजनची तीच मांडणी. लोहाचा अंश आणि खडकातला नैसर्गिक किरणोत्सार मिळून जांभळा रंग येतो, लोहाऐवजी अॅल्युमिनियम असेल तर धुरकट रंग येतो, काहीच नसेल तर दगड पाण्यासारखा स्वच्छ. म्हणजे पहिल्याच ओळीत साताचे पाच झाले. लेपिडोक्रोसाइट म्हणून दाखवतात ते लालसर पापुद्रे तपासणीत अनेकदा हेमॅटाइट निघतात, पण ते राहू दे. त्याने नाव बदलतं, आकडा नाही.

आता कॅकोक्सेनाइट. ते क्वार्ट्झचं रूप आहे हे वाक्य रसायनशास्त्राच्या दृष्टीने पार चुकीचं आहे. खनिजांची वर्गवारी रंगावरून किंवा चमकेवरून होत नाही. त्यात कुठला ऋणभारित गट आहे आणि अणू कसे रचलेले आहेत, यावरून होते. कॅकोक्सेनाइटमध्ये एका फॉस्फरसभोवती चार ऑक्सिजन असलेले फॉस्फेट गट आहेत. खनिजशास्त्रज्ञ स्ट्रुन्झच्या वर्गीकरणात ते आठव्या वर्गात येतं, म्हणजे फॉस्फेट, आर्सेनेट आणि व्हॅनेडेट यांच्या घरात. त्यातही ज्यांत फॉस्फेटखेरीज हायड्रॉक्सिलसारखे जादा गट आणि शिवाय पाणी आहे, अशा पोटविभागात. क्वार्ट्झला स्ट्रुन्झने ऑक्साइडांत बसवलं, डेनाच्या, म्हणजे दुसऱ्या प्रचलित वर्गीकरणाच्या, पद्धतीत ते सिलिकेटांत आहे. त्या दोघांचं जमत नसेल, पण फॉस्फेटांच्या आसपाससुद्धा क्वार्ट्झला कुणी बसवलेलं नाही.

गुणधर्मही बघा. मोह्सच्या मापावर क्वार्ट्झची कठिणता 7, कॅकोक्सेनाइटची 3 ते 4. क्वार्ट्झची सापेक्ष घनता 2.65, कॅकोक्सेनाइटची साधारण 2.3, म्हणजे लोहाचं खनिज असूनही ते गारगोटीपेक्षा हलकं. असं का, ते त्याच्या सूत्रात दिसतं: लोहाचे 24 अणू, अॅल्युमिनियमचा 1, फॉस्फेटचे 17 गट, हायड्रॉक्सिलचे 12, जादा ऑक्सिजन 6 आणि पाण्याचे तब्बल 75 रेणू. वजनाने हिशोब केला तर तीन-दशांशाच्या जवळपास निव्वळ पाणी. एवढं पाणी राहतं कुठे, हे 1983 साली मूर आणि शेन यांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं. या षटकोनी स्फटिकांतून मधमाशीच्या पोळ्यासारखे उभे बोगदे जातात, एकेकाची रुंदी 14.2 अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). 75 पैकी 51 रेणू कुठल्या धातूला न बांधलेले, सैल असतात. पुणे-नाशिककडच्या खडकांतले झिओलाइट गोळा करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. पण झिओलाइट सिलिकेट असतात आणि इथे तेच काम फॉस्फेट करतं. मला विचाराल तर या खनिजाचं खरं आश्चर्य हे आहे. फिरणाऱ्या मजकुरात त्याचा उल्लेखही नाही.

एवढं सैल पाणी धरून बसलेलं खनिज उष्णता सोसत नाही. कॅकोक्सेनाइट जमिनीच्या वरच्या थरात तयार होतं. पाणी लोहखनिजातून झिरपतं, वाटेत फॉस्फेट मिळतं, मग भेगांमध्ये पिवळ्या केसाळ सुयांचे गोंडे धरतात. अमेथिस्ट मात्र बहुधा जमिनीखालच्या गरम द्रावणांतून वाढतो. म्हणून अमेथिस्टच्या पोटातल्या सोनेरी सुयांबद्दल आधीपासून शंका होतीच, आणि तपासल्यावर त्या गोएथाइटच्या निघाल्या. यासाठी दगड फोडावा लागत नाही. रामन यंत्र पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशावरून तो पदार्थ ओळखतं, आणि त्याचा लेसर पारदर्शक दगडातून थेट सुईवर रोखता येतो. फॉस्फेट असेल तर त्याची ठळक खूण वर्णपटात उमटायलाच हवी. उमटते ती गोएथाइटची. म्हणजे पाचातून आणखी एक वजा. उरले चार, आणि गेलं नेमकं तेच, ज्याच्यासाठी जास्त किंमत मागतात.

तुकडा कितीही लहान असला तरी सात असतातच, या दाव्यावर फार शब्द खर्च करायला नकोत. खनिज एक तर तिथे असतं किंवा नसतं. दिसत नाही, यंत्रालाही सापडत नाही, तरी आहे म्हणायचं, तर मग उद्या त्यात हिराही आहे म्हणायला कोण अडवणार?

पाण्याचंही तसंच. गारगोटी रात्रभरात पाण्यात विरघळत नाही, आतल्या सुयांना पाणी लागतच नाही, आणि त्या सुयांमध्ये मुळात फॉस्फरस नाही. ते पाणी पिऊन बहुधा काही बिघडणार नाही, पण हाडांना फॉस्फरस हवा असेल तर तो दुधात, डाळीत आणि ताटातल्या बांगड्यात आहे.

राहिली डिचोली. हा दावा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो ऐकायला खरा वाटतो. डिचोली, सत्तरी, सांगे इथलं खनिज पट्टेदार लोहखडकांतून झालं. पावसाच्या पाण्याने युगानुयुगं सिलिका धुऊन नेली आणि हेमॅटाइट, गोएथाइट, लिमोनाइट मागे राहिलं. खाणीवर पिवळे-तपकिरी, मखमली पापुद्रे हवे तेवढे मिळतात. फोटोत ते कॅकोक्सेनाइटसारखे दिसू शकतात, आणि मजकुराबरोबर फिरणारा ‘डिचोलीचा’ फोटो नेमका तसलाच आहे: ना जागेचं नाव, ना क्ष-किरण तपासणी. कॅकोक्सेनाइटसाठी प्रसिद्ध ठिकाणं वेगळी आहेत. त्याचं पहिलं वर्णन 1825 साली बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, ह्र्बेक खाणीतल्या नमुन्यांवरून झालं. जर्मनीत हागेनडॉर्फ आणि अमेरिकेत आर्कान्सा इथले नमुने संग्राहकांकडे असतात.

आणि लपवलं म्हणणाऱ्यांनी खाणीचा धंदा जवळून पाहिलेला नाही. खनिजातला फॉस्फरस लोखंडात उतरतो आणि ते थंडीत ठिसूळ होतं. ‘वाईट पाहुणा’ अशा अर्थाचं ग्रीक नाव या खनिजाला मिळालं ते त्यामुळेच. 1870 च्या दशकाच्या शेवटी थॉमस आणि गिलख्रिस्ट यांनी भट्टीचं अस्तर बदलून फॉस्फरस काढायची रीत बसवली, तोवर असल्या खनिजातून चांगलं पोलाद करणं जमतच नव्हतं. आजही खरेदीदार फॉस्फरसचा आकडा बघूनच भाव ठरवतो. बार्ज मुरगावला पोचायच्या आधी आमच्या कागदावर तो आकडा लिहिलेला असे, आणि तो वाढला की मालकाच्या कपाळावर आठी. खजिना म्हणून तो कुणी जपून ठेवला असता, हे खाणीवरच्या कुणालाही सांगून बघा.

उलट गोएथाइटचं काय? ते आपल्या जांभ्यात आहे. चिऱ्यांच्या भिंतीला जो पिवळसर-तपकिरी रंग दिसतो, तो बराचसा त्याचाच. सुपर सेव्हनच्या फोटोतल्या सोनेरी सुया आणि तुमच्या कुंपणाचा चिरा, दोन्हींत खनिज तेच.

खाणीवरून आणलेला पिवळा तुकडा कुणी कॅकोक्सेनाइट म्हणून दाखवला, तर दोन गोष्टी घरीच करता येतात. तो टाइलच्या मागच्या, चकाकी नसलेल्या बाजूवर घासा: गोएथाइटची रेघ पिवळट-तपकिरी उमटते, कॅकोक्सेनाइटची फिकी, गवती पिवळी. मग तुकडा हातात तोला. भरीव गोएथाइटची घनता 4 च्या पुढे जाते, ते हाताला जड लागतं. एवढ्यावरही वाद मिटला नाही तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. आणि बाजारातल्या जांभळ्या दगडासाठी जादा पैसे मागितले, तर आधी रामन तपासणीचा अहवाल मागा.