थंडीत खरखरणारा गियर आणि १४० नंबरचं तेल

डिसेंबर लागला की हा मेसेज फिरायला लागतो. यंदा मला तो एका दिवसात चार ग्रुपवर आला, त्यातला एक तर भाच्यानेच पाठवला. मजकूर थोडक्यात असा: जुन्या ट्रकचा गियर थंडीत सकाळी खरखरला म्हणजे सिंक्रोच्या (गियर टाकताना फिरत्या भागांचे वेग जुळवणाऱ्या यंत्रणेच्या) रिंगा संपल्या. खर्च टाळायचा तर गिअरबॉक्समध्ये १४० नंबरचं जाड तेल भरा. टेम्परेचरचा काटा वर येईपर्यंत गाडी जागेवरच गरम करा. आणि डबल क्लच मारून (क्लच दाबून न्यूट्रल, सोडून पुन्हा दाबून गियर) आवाज गेला, तर रिंगा गेल्याच समजा.

आमचा निफाड तालुका. इथे थंडीच्या लाटेत पारा चार-पाच अंशांवर येतो, आणि पहाटे पाचला टोमॅटोचे क्रेट भरलेली गाडी मागे घेताना हा आवाज अख्ख्या वस्तीला ऐकू जातो. म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट, आवाज कधी येतो ते मेसेज विचारतच नाही. गाडी उभी असताना रिव्हर्स टाकताना येतो, की चालत्या गाडीत दुसरा-तिसरा टाकताना? ही दोन वेगळी दुखणी आहेत. बऱ्याच जुन्या ट्रकांत रिव्हर्सला सिंक्रो नसतोच, काहींत पहिल्यालाही नसतो. जिथे रिंगच नाही तिथे ती संपणार कशी?

उभ्या गाडीत काय होतं ते बघा. न्यूट्रलमध्ये, पाय क्लचवर नसताना इंजिन हे गिअरबॉक्समधला इनपुट शाफ्ट आणि खालचा काउंटर शाफ्ट फिरवत असतं. क्लच दाबला की त्यांचा इंजिनशी संबंध तुटतो आणि ते थांबतात. तेल थंड आणि घट्ट असेल तर उलट लवकर थांबतात, कारण घट्ट तेल त्यांना ब्रेकच लावतं. म्हणून क्लच पूर्ण दाबा, मनात दहा आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही खरखर आली, तर शाफ्ट अजून फिरतोय आणि त्याला फिरवणारं इंजिनच आहे. म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाही. गिअरबॉक्सला हात लावायचं कारणच नाही.

हे मी फुकट शिकलो नाही. आमच्या जुन्या सहाचाकीचा बॉक्स एका गॅरेजवाल्याने उतरवला, रिंगा बदलल्या, बिल दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तीच खरखर. शेवटी ड्रायव्हरच म्हणाला, "भाऊ, पेडल दोनदा पंप केलं की गपचूप पडतो." तिथेच उत्तर होतं. खाली वाकून स्लेव्ह सिलिंडरचं (पेडलच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरचं) रबरी बूट बोटाने उचललं, तर आत ओलं. सिलिंडरमधलं वॉशर जुनं झालं की थंडीत कडक होतं, आक्रसतं, आणि दाब धरत नाही. गाडी तापली की तेच वॉशर जरा मऊ पडतं आणि दुपारी तक्रार गायब. आमचं काम वॉशर किट बदलून आणि एअर काढून झालं. बॉक्स उतरवण्याच्या खर्चापुढे तो खर्च चहापाण्याचा.

पंप करूनही फरक पडला नाही, तर क्लचप्लेट स्प्लाइनवर (शाफ्टच्या खाचांवर) अडकते का, फ्लायव्हीलमधल्या पायलट बेअरिंगचं (इनपुट शाफ्टचं पुढचं टोक पेलणाऱ्या बेअरिंगचं) ग्रीस सुकून घट्ट झालंय का, हे बघावं लागतं. पायलट बेअरिंग जाम असेल तर क्लच नीट सुटला तरी इंजिन शाफ्टला ओढतच राहतं.

आता १४० चं तेल. या सल्ल्याचा मला खरा राग येतो. गियर तेलाचा आकडा आणि इंजिन ऑइलचा आकडा यांची मापं वेगळी आहेत, हे आधी लक्षात घ्या. ९० नंबरचं गियर तेल १०० अंशांना साधारण ४०-५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच जाड असतं. १४० मात्र त्याच तापमानाला ९० च्या दीडपट ते दुप्पट, आणि पहाटेच्या पाच अंशांत अगदी काकवी. सिंक्रोची पितळी रिंग गियरच्या शंकूसारख्या भागावर घासून त्याचा वेग जुळवते. त्यासाठी मधला तेलाचा थर आधी बाजूला व्हावा लागतो. रिंगेच्या आतल्या बारीक आट्या त्याचसाठी असतात. काकवी तिथून वेळेत निघत नाही, रिंग घसरते आणि दात दातांवर आपटतात. म्हणजे ज्या आवाजावर हा उपाय, तोच आवाज वाढतो. दुपारी तापलेल्या बॉक्सची घरघर जाड तेलाने दबते, तेवढ्यावरून लोक म्हणतात गुण आला.

यापेक्षा मोठा घोळ कॅनचा होतो. मागच्या डिफरन्शियलला (मागच्या चाकांमधल्या गियरच्या पेटीला) जीएल-५ प्रतीचं गियर तेल लागतं म्हणून तेच बॉक्समध्येही ओततात. ज्या जुन्या बॉक्सला जीएल-४ सांगितलंय, तिथे जीएल-५ फार निसरडं पडतं आणि त्यातली काही तेलं पितळेलाही खातात. गाडीच्या पुस्तकात ८०डब्ल्यू-९० जीएल-४ लिहिलं असेल तर तेच भरा. ८०डब्ल्यू ही थंडीतल्या जाडीची श्रेणी उणे २६ अंशांच्या कसोटीवर ठरते, निफाडची थंडी तिला काय करणार!

गाडी जागेवर तापवण्याबद्दल एवढंच, की काटा इंजिनच्या पाण्याचं तापमान दाखवतो, बॉक्समधल्या तेलाचं नाही. बॉक्स तापतो तो गाडी चालल्यावर. पहिले दोन-तीन किलोमीटर हळू, सावकाश गियर टाकत जा.

डबल क्लचच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. चालत्या गाडीत एकच गियर, समजा तिसऱ्यावरून दुसरा, ओरडत असेल आणि डबल क्लचने गप्प पडत असेल, तर त्या गियरच्या रिंगेवर संशय घेणं रास्त आहे. पण तो आवाज दुपारी तापलेल्या बॉक्समध्येही येतो का, हे बघा. येत असेल तर ड्रेन प्लग उघडा, थोडं तेल तळहातावर घेऊन उन्हात धरा. किंचित सोनेरी झाक जुन्या बॉक्समध्ये असतेच. बोटांना टोचणाऱ्या, चुंबकाला न चिकटणाऱ्या पिवळ्या कपच्या निघाल्या, तर मग खुशाल बॉक्स उतरवा.